ओटीपी, क्रेडिट आणि न लिहिलेली पुस्तकं

ग्रंथालयाच्या काउंटरवर हल्ली अधूनमधून एक वेगळीच चिठ्ठी येते. तिच्यावर चार-पाच पुस्तकांची नावं असतात, लेखक, प्रकाशनाचं साल, कधी कधी पानांचे क्रमांकसुद्धा. लेखक खरे, विषयही त्यांच्याच अभ्यासाचा. फक्त ती पुस्तकं त्यांनी कधी लिहिलेलीच नसतात. मी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहते, विद्यापीठाच्या ग्रंथालयाची सूची पाहते, आणि खात्री झाली की समोरच्या मुलाला विचारते, "ही यादी दिली कुणी?" तो निरागसपणे सांगतो, "चॅटजीपीटीनं, मॅडम." वर, आपल्याकडे नसतील तर मागवून घ्या, असंही सुचवतो.

मुलगा खोटं बोलत नसतो आणि यंत्रही मुद्दाम फसवत नसतं. ते यंत्र ग्रंथसूची उघडून पाहत नाही. अफाट मजकूर वाचून, अमुक शब्दांनंतर बहुधा कोणते शब्द येतात, याचा अंदाज बांधायला ते शिकलेलं असतं. ग्रामीण समाजशास्त्रावरच्या पुस्तकांची नावं साधारण कशी असतात हे त्याला चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे तशी नावं ते बसल्या जागी तयार करतं. ते पुस्तक कधी छापलं गेलं का, हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. आता काही साधनं इंटरनेटवर शोधून मग उत्तर देतात. तिथे हा प्रकार कमी होतो, पण पूर्ण थांबत नाही.

मी सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागात, तालुक्याच्या गावी, एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. कॉलेजात ज्या कामाला वाली नसतो ते काम ग्रंथालयात येऊन पडतं. स्वयम् आणि एनपीटीईएलच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची नोंदणी आमच्याकडे, क्रेडिट बँकेची खाती उघडून देणं आमच्याकडे, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलींसाठी आकडे जमवणं आमच्याकडे. रविवारी मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र चालतं, तेही आमच्याच वाचनकक्षात. त्यामुळे 'तंत्रज्ञान उच्च शिक्षणाचा चेहरामोहरा बदलणार' असं भाषण ऐकलं की मला आधी ओटीपीची रांग आठवते.

ही रांग दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात लागते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रत्येक विद्यार्थ्याचं 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये खातं हवं. ही योजना २०२१ च्या जुलैत सुरू झाली. कल्पना सरळ आहे. पंधरा तासांच्या शिकवण्याला एक क्रेडिट, प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांना एक. मुलानं कमावलेली क्रेडिट्स त्याच्या खात्यावर जमा होतात, पासबुकात रक्कम दिसावी तशी दिसतात, आणि कमाल सात वर्षं वापरता येतात. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सुटलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. मधेच सोडून पुन्हा येता येतं, विद्यापीठ बदलता येतं. मुलींच्या बाबतीत तर हे फार मोलाचं आहे. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर लग्न ठरून निघून गेलेल्या मुलींची दोन वर्षं आजवर सरळ पाण्यात जात होती. आता ती खात्यावर राहतील.

पण खातं उघडायला आधार लागतं आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर सहा आकडे येतात. आमच्या भागातली अनेक घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळण्याच्या या धंद्यापायी माणसं तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत पांगलेली आहेत. मुलीच्या आधारला नंबर बापाचा, आणि बाप कोईमतूरला भट्टीपुढे. मग माझ्या टेबलाशी उभं राहून फोन होतो. "पप्पा, मेसेज आला का? सहा आकडे सांगा." पलीकडून, "गिऱ्हाईक आहे गं, थांब." ओटीपीची मुदत संपते. पुन्हा पाठवायचा. पलीकडून आता संशय, "हे बँकेचं तर नाही ना? कुणाला ओटीपी सांगू नये म्हणतात." मग मी फोन घेते आणि कॉलेजातून बोलतेय हे त्यांना पटवते. बापाचं सावध असणं चुकीचं नाही, हे मनातल्या मनात मान्यही करते. ज्यांचा नंबर बंद पडलेला असतो त्यांना आधार केंद्राची वारी. ज्यांचं नाव आधारवर एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, त्यांची वेगळी कथा. मुक्त विद्यापीठाला आलेल्या लग्न झालेल्या बायकांपैकी बऱ्याच जणी याच रांगेत अडकतात. दिल्लीत आखलेली योजना गावात पोचते ती अशी, टेबलाशी उभं राहून, एकेक करत.

आकाशातून येणारे तास

व्याख्यान दूरवर पोचवायची हौस आपल्याला नवी नाही. १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगानं दूरदर्शनवरून 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केलं. उपग्रहावरून, दुपारच्या वेळी, इंग्रजीतून. कार्यक्रम चांगले असत. पुण्याच्या शैक्षणिक माध्यम केंद्रानंही त्यासाठी उत्तम काम केलं. मी तेव्हा शाळेत होते. पुढे कॉलेजात आले तेव्हा तिथला टीव्ही कपाटात आणि कपाटाची किल्ली प्राचार्यांकडे होती. क्रिकेटच्या सामन्याला ते कपाट उघडायचं.

२००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल सुरू केलं. आधी नुसती ध्वनिचित्रित व्याख्यानं होती, २०१४ पासून परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणं सुरू झालं. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या उच्च शिक्षणात तंत्रज्ञानानं केलेलं हे सगळ्यात भरीव काम आहे, आणि त्याची जाहिरात सगळ्यात कमी झाली. जी व्याख्यानं ऐकायला आधी प्रवेशपरीक्षेचा डोंगर ओलांडावा लागे, ती आटपाडीच्या मुलाला फुकट मिळू लागली. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि जुलै २०१७ मध्ये 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं, तेव्हा तर कुणाची काही सबबच उरली नाही.

अमेरिकेत हाच खेळ मोठ्या गाजावाजात झाला. २०११ च्या शरद सत्रात स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग जगाला खुला केला. १ लाख ६० हजारांच्या आसपास लोकांनी नावं नोंदवली. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स उभ्या राहिल्या आणि आता जुनी विद्यापीठं बंद पडणार असं भविष्य वर्तवलं जाऊ लागलं. थ्रुन-नॉर्विग यांच्या वर्गात शेवटपर्यंत पोचले मात्र साधारण २३ हजार. थ्रुन यांच्या उडॅसिटी कंपनीनं २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाबरोबर गणित आणि सांख्यिकीचे पायाभूत अभ्यासक्रम ऑनलाइन घेऊन पाहिले. उत्तीर्ण होण्याचं प्रमाण नेहमीच्या वर्गापेक्षा इतकं खाली गेलं की प्रयोग थांबवावा लागला. ज्यांना शिक्षणाची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याचसाठी हे साधन तोकडं पडलं, हे पुढे खुद्द थ्रुन यांनीही मान्य केलं. एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरना विकली गेली, आणि ती घेणारी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. विद्यापीठं आहेत तिथेच आहेत.

आमच्या कॉलेजचं चित्रही त्या स्टॅनफर्डपेक्षा वेगळं नाही. एनपीटीईएलला नाव नोंदवणं फुकट असतं, म्हणून वर्गच्या वर्ग नोंदवला जातो. तो आकडा नॅकच्या अहवालात छान दिसतो. परीक्षेला हजार रुपये पडतात, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मे. परीक्षा आपल्या गावात होत नाही, केंद्रावर जाऊन द्यावी लागते. तिथपर्यंत पोचणारी मुलं हातांच्या बोटांवर मोजावीत इतकीच.

गुरुवारची बैठक

ही जी मोजकी मुलं पोचतात, ती का पोचतात? याचं मला कुतूहल वाटतं, कारण हुशारीचा आणि त्याचा संबंध वाटतो तितका नसतो.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी पायथनचा आठ आठवड्यांचा कोर्स करत होती. खिडकीजवळ प्लगपाशी तिची जागा ठरलेली. कानात वायर, पुढे फोन पुस्तकाला टेकवलेला, शेजारी दोनशे पानी वही. वहीच्या डाव्या समासात इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेले: 'इटरेट', 'इंडेंट', 'म्युटेबल'. पुढे अर्थ नाही, नुसती टिंबं. अर्थ कळला की टिंबांवर लिहायची. सर बोलतात ते वाक्य ती तीनदा मागे नेऊन ऐकायची. वीस मिनिटांचं व्याख्यान तिला सव्वा तास पुरायचं. आठवड्याचा स्वाध्याय ठरलेल्या रात्री बाराच्या आत भरायचा असतो आणि तिच्या वस्तीवर रेंज फक्त गोठ्याच्या मागे. तिसऱ्या आठवड्यात ती यायची बंद झाली.

तिला परत आणलं ते कोणत्या ॲपनं नाही. आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारे एक तरुण सर आहेत. नेट-सेट झालेले, पगार तासावर, तोही वेळेवर नाही. त्यांनी गुरुवारी प्रॅक्टिकल संपल्यावर वाचनकक्षातल्या मागच्या टेबलाशी बसायला सुरुवात केली. नियम एकच: सर शिकवणार नाहीत, मुलांनी आपापसात सांगायचं, अडलं तर सर. आणि त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. कोर्सच्या आधी मुलांना आयआयटी मुंबईची 'स्पोकन ट्युटोरिअल' दाखवली, मराठीतली. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारानं झालेला हा प्रकल्प. दहा-दहा मिनिटांचे पाठ. पडद्याच्या एका बाजूला पाठ लावायचा, दुसऱ्या बाजूला तीच कृती आपण करून पाहायची. पडद्यावरचे शब्द इंग्रजी, आवाज मराठी. डाउनलोड करून ठेवले की रेंज लागत नाही. त्या मुलीच्या वहीतली टिंबं भराभर भरत गेली.

परीक्षेच्या दिवशी ती पहाटेच्या एसटीनं गेली. भावानं दुचाकीवर स्टँडपर्यंत सोडलं. साठच्या वर गुण पडले तर प्रमाणपत्रावर 'एलिट' असं छापून येतं. तिच्या प्रमाणपत्रावर ते आलं, आणि घरच्यांनी ते लॅमिनेट करून टीव्हीच्या वर लावलं.

यातून क्रेडिट मिळालं का? नियम म्हणतो, एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयम् वरून करता येतात. २०१६ ला हीच मर्यादा २० टक्के होती, २०२१ ला वाढवली. प्रत्यक्षात कोणता ऑनलाइन अभ्यासक्रम आपल्या कोणत्या विषयाच्या बदल्यात धरायचा हे विद्यापीठाच्या अभ्यासमंडळानं ठरवायचं, कॉलेजनं कळवायचं, परीक्षा विभागानं चढवायचं. एनपीटीईएलचा निकाल आणि आपलं सत्र यांचा मेळ बसेलच असं नाही. या तीन टेबलांमध्ये अर्ज फिरतो आणि मुलं कंटाळून सोडून देतात. तंत्रज्ञान सेकंदात पोचतं. सही आठवड्यानं होते.

रविवारचे विद्यार्थी

मुक्त विद्यापीठाचा अनुभव मला इथे सांगावासा वाटतो, कारण तंत्रज्ञानाला माणसाची जोड लागते, हे महाराष्ट्रात एका माणसाला फार आधी उमगलं होतं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ मध्ये स्थापन झालं आणि प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. ताकवले सर तंत्रज्ञानाचे भोक्ते होते, पण त्यांनी नुसती पुस्तकं पोस्टानं धाडली नाहीत. शिक्षक समोर नाही असं गृहीत धरून, एकट्यानं वाचता येतील अशी पुस्तकं मराठीत लिहून घेतली. आणि गावोगावच्या कॉलेजांत रविवारी अभ्यासकेंद्रं चालवली. रविवारच्या या संपर्क सत्राला काय शिकवलं जातं यापेक्षा तिथे यावं लागतं, हे महत्त्वाचं.

आमच्या केंद्रावर अंगणवाडी सेविका येतात, पोलीस शिपाई येतात, साखर कारखान्यातले कर्मचारी येतात. एक आजीबाई नातीबरोबर एकाच वर्षी बी.ए.ला होत्या. हल्ली पुस्तकं पीडीएफमध्येही मिळतात, सूचना व्हॉट्सॲपवर येतात, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभातचे फुलांचे फोटो जास्त आणि अभ्यास कमी असतो, हे खरं. पण परीक्षेच्या आधी तोच ग्रुप रात्री अकरापर्यंत जागा असतो. "ताई, तिसऱ्या प्रश्नाचं काय लिहायचं?" "मी लिहिलंय, फोटो टाकते." एक बाई दुसरीला सांभाळून नेते आणि दोघी पास होतात.

आयआयटी मद्रासनं २०२० मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली, तीही मला याच कुळातली वाटते. जेईईची अट नाही. चार आठवडे अभ्यास करा, पात्रता परीक्षा द्या, झालात पास तर प्रवेश. व्याख्यानं घरबसल्या, दर आठवड्याला स्वाध्याय, पण चाचण्या आणि परीक्षा मात्र केंद्रावर प्रत्यक्ष बसून. म्हणूनच त्या पदवीला बाजारात वजन आहे. करोनाच्या काळात घरात बसून दिलेल्या बहुपर्यायी परीक्षांचं काय झालं ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक पालकाला माहीत आहे. त्या गुणांकडे आजही मुलाखतीत भुवया उंचावून पाहिलं जातं. शिकवणं कुठूनही होऊ शकतं. पारख करताना कुणीतरी समोर लागतं.

प्रकल्प कुणी लिहिला?

आता चॅटजीपीटीकडे परत येते. नोव्हेंबर २०२२ अखेर ते आलं आणि प्राध्यापकांच्या खोलीत एकच हाहाकार उडाला. मला त्या हाहाकाराचं जरा हसू आलं. आमच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात दुसऱ्या वर्षाचा पर्यावरण प्रकल्प तयार मिळतो, वर्षानुवर्षं. 'आमच्या गावातील पाण्याचे प्रदूषण', मुखपृष्ठ रंगीत, आत गावाचं नाव लिहायला मोकळी जागा. मागच्या वर्षाची जर्नलं पुढच्या वर्षाला जातात. तेव्हा कॉपी करायला यंत्रानं शिकवलं, हा आरोप टिकणारा नाही. जे काम वाचलंच जात नव्हतं, ते लिहायची मेहनत यंत्रानं वाचवली, एवढंच.

फरक असा की पूर्वी तयार प्रकल्प ओळखू यायचा. आता प्रत्येकाचा वेगळा असतो आणि भाषा गुळगुळीत. मग ती पकडायला सॉफ्टवेअर आली. यांच्यावर भरवसा ठेवू नका, असं मी आमच्या शिक्षकांना हात जोडून सांगते. ज्या ओपनएआयनं चॅटजीपीटी बनवलं, तिनंच यंत्राचा मजकूर ओळखणारं साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि अचूकता कमी पडते म्हणून जुलैत बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी 'टोफेल' परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी 'यंत्रानं लिहिलेले' ठरवले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ बिनचूक ओळखले. कारण साधं आहे. परकी भाषा शिकणारा माणूस मोजके, नेहमीचे शब्द वापरतो, आणि अंदाज बांधता येईल असं लिहिणं म्हणजे यंत्राचं लिहिणं, असं ही साधनं धरून चालतात. मराठी माध्यमातून आलेली आमची मुलगी धडपडत, सोप्या इंग्रजीत स्वतःच्या मनाचं लिहील, तर चोर ठरायची शक्यता तिचीच जास्त.

उपाय काय, तर तोंडी परीक्षा. आमच्या भूगोलाच्या सरांनी गेल्या वर्षी प्रकल्प घेतले आणि प्रत्येकाला समोर बसवून दहा मिनिटं विचारलं. "कुणाच्या विहिरीचं पाणी मोजलंस? मालक काय म्हणाला? हा तक्ता तू केलास, मग मे महिन्यात पातळी वाढलेली कशी?" ज्यानं यंत्राची मदत घेऊन पण विहिरीवर जाऊन काम केलं होतं, तो तरला. ज्यानं नुसतं यंत्राकडून लिहून घेतलं, तो दुसऱ्या प्रश्नाला गारद. एका मुलानं तर मदत कुठे घेतली तेही सांगितलं: आकडे त्याचे, वाक्यं सुधारून घेतली यंत्राकडून. सरांनी त्याला पूर्ण गुण दिले. मलाही ते बरोबर वाटलं.

पण हिशेब करा. एका वर्गात १२० मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे सलग वीस तास. एका विषयाचे, एका सत्राचे. हे वीस तास कुणी द्यायचे? मंजूर जागा रिकाम्या, निम्मा विभाग तासिका तत्त्वावर, आणि तासिकेच्या मानधनात तोंडी परीक्षा धरलेली नाही. तंत्रज्ञान आल्यामुळे शिक्षक कमी लागतील, असा हिशेब जे मांडतात त्यांनी एकदा हे गणित सोडवून दाखवावं.

घाईनं यंत्र आणलं की काय होतं ते २०१७ साली मुंबई विद्यापीठानं दाखवून दिलं. लाखो उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल लांबत गेले, परदेशी प्रवेश मिळालेल्या मुलांची तारांबळ उडाली आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. पडद्यावर तपासणी ही कल्पना वाईट नव्हती. आज अनेक ठिकाणी ती बरी चालते. सत्राच्या अखेरीला, पुरेशी तयारी न करता, सगळ्या परीक्षांना एकदम लावली, हे वाईट होतं.

या यंत्रांचा चांगला उपयोगही मला रोज दिसतो, आणि तो न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये प्रा. अशोक गोएल यांनी २०१६ मध्ये 'जिल वॉटसन' नावाचा यंत्र-मदतनीस वर्गात सोडला होता. तीनशेच्या आसपास विद्यार्थी एका सत्रात दहा हजार प्रश्न विचारत. ठरावीक प्रश्नांना जिल उत्तर देई. बहुतेकांना ती माणूस नाही याचा पत्ताही लागला नाही. आज तसा मदतनीस आमच्या मुलांच्या खिशात आहे, आणि तो मराठी बोलतो. वर्गात हात वर करायला लाजणारी मुलगी त्याला दहा वेळा तोच प्रश्न विचारते. इंग्रजी उतारा समजावून घेते. अठ्ठावीस वर्षं मी 'विचारा, विचारा' म्हणून सांगतेय, पण इतकं मोकळेपणानं तिनं मला कधी विचारलं नव्हतं.

भाषांतराचंही तसंच. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं 'अनुवादिनी' आणि आयआयटी मुंबईचा 'उडान' हे प्रकल्प अभियांत्रिकीची पुस्तकं यंत्राच्या मदतीनं भारतीय भाषांत आणत आहेत. यंत्र पहिला खर्डा झटपट करतं, पण त्यावरून विषय जाणणाऱ्या माणसाचा हात फिरला नाही तर असं मराठी तयार होतं की मुलं म्हणतात, "मॅडम, यापेक्षा इंग्रजीच द्या." आणि संशोधनाची दारं उघडली आहेत ती वेगळीच. 'शोधगंगा'वर देशातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध फुकट वाचता येतात. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये सरकारी संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची तरतूद आहे. माझ्या विद्यार्थिदशेत एका लेखाच्या झेरॉक्ससाठी कोल्हापूर गाठावं लागे. आता लेख आहेत, वाचून दाखवणारं यंत्र आहे. कोणता लेख वाचावा हे सांगणारं माणूस मात्र अजूनही काउंटरच्या मागेच सापडतं, आणि ग्रंथपालांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत.

पैसे भरण्याआधी

शेवटी पालकांशी चार शब्द, कारण ऑनलाइन पदवीच्या जाहिराती आता एसटीच्या पाठीवरही दिसतात. गेल्या वर्षी आमच्याकडचे एक गृहस्थ कागद घेऊन आले. मुलाच्या कोर्सची फी हप्त्यानं भरतोय, अशी त्यांची समजूत. कागद वाचले तर ते त्यांच्या नावावरचं कर्ज होतं, भलत्याच वित्त कंपनीचं. मुलानं कोर्स दुसऱ्या महिन्यात सोडला होता. हप्ते मात्र चालूच.

तेव्हा एवढं पाहा. ऑनलाइन पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाचीच असते, ॲप चालवणाऱ्या कंपनीची नव्हे. ते विद्यापीठ आणि नेमका तोच अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत या वर्षासाठी आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर दिसतं. यादीत असेल तर ती पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते; आयोगानं २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, वास्तुशास्त्र आणि कायदा यांची पदवी ऑनलाइन मिळत नाही. कुणी देतो म्हणत असेल तर उठून या. ऑनलाइन पीएच.डी.लाही मान्यता नाही. परीक्षा कुठे आणि कशी होते ते विचारा. अडलं तर माणूस भेटेल का, ते विचारा. आणि सही करण्याआधी तो कागद फीचा आहे की कर्जाचा, ते नीट वाचा.

वाचून समजलं नाही तर जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जा. आमचं ग्रंथालय सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उघडं असतं. रविवारीही, अभ्यासकेंद्रामुळे.